मुलाम्याचा इतिहास : पाऱ्याचा धूर, सायनाइडचे कुंड आणि कैदेतला चमचा

सेंट पीटर्सबर्गमधील सेंट आयझॅक कॅथेड्रलचा सोनेरी घुमट कित्येक मैलांवरून दिसतो. १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या तांब्याच्या पत्र्यांवर सोने चढवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा वापरलेली रीत दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी होती. सोने पाऱ्यात विरघळवायचे, तो लोण्यासारखा मऊ लेप पत्र्यावर चोळायचा आणि पत्रा तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोने पत्र्याला धरून राहते. उडालेला पारा अर्थातच आकाशात जात नाही. तो काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जातो. या घुमटाच्या मुलाम्याने सुमारे ६० कारागिरांचा बळी घेतल्याचे सांगितले जाते.

त्याच कॅथेड्रलमध्ये अनेक शिल्पे अशी आहेत, ज्यांच्या घडणीत ओतकामाचा संबंध नाही. ती मोरचुदाच्या निळ्या द्रावात, विजेच्या प्रवाहाने, तांब्याचा थर थरावर चढवत तयार झाली. एकाच इमारतीत धातुकामाची दोन युगे शेजारी शेजारी उभी आहेत. प्रश्न असा पडतो की, तांब्याची मूर्ती विजेने घडवता येत होती, तर घुमटावरचे सोने विजेने का चढवले गेले नाही? माणसांना पाऱ्याच्या धुरात का उभे केले गेले?

या प्रश्नाचे उत्तर विजेत सापडत नाही. ते द्रावात सापडते.

मराठीत ‘मुलामा’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि आपण त्याला फसवणुकीचा वास चिकटवला. ‘वरवरचा मुलामा’ म्हटले की आत काहीतरी खोटे आहे, हे गृहीत असते. परंतु मुलामा देणे हे अत्यंत कठीण कसब होते. पाऱ्याने दिलेला मुलामा इतका घट्ट बसतो की शतकानुशतके टिकतो. कारण सोने, पारा आणि खालचा धातू यांचा सांधा अणूंच्या पातळीवर जुळलेला असतो. म्हणूनच पर्याय शोधणाऱ्यांपुढचे आव्हान मोठे होते. नवी रीत केवळ निर्धोक असून चालणार नव्हते. तिने दिलेला थर नखाने निघता कामा नये, अशी गिऱ्हाइकाची अट होती.

पाऱ्याच्या विषाची जाणीव त्या काळी नव्हती, असेही नाही. मुलामा देणाऱ्यांचे थरथरणारे हात, गळणारे दात आणि ढासळणारी बुद्धी साऱ्या युरोपने पाहिली होती. पॅरिसमधील आंत्वान-आंद्रे राव्हरियो हा कांस्यवस्तूंचा नामांकित निर्माता १८१४ मध्ये मरण पावला. मुलाम्याच्या धंद्यावर तो श्रीमंत झाला होता. मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक राखून ठेवले, ते कारागिरांना पाऱ्यापासून वाचवणारी पद्धत शोधणाऱ्यासाठी. १८१८ मध्ये हे बक्षीस दार्से या रसायनतज्ज्ञाला मिळाले. त्याने सुचवलेली गोष्ट साधी होती: जोरदार ओढ असलेले धुराडे बांधून वाफ वर खेचून घेणे. पारा मात्र तसाच राहिला. उपाय भट्टीच्या रचनेत होता, रसायनात नव्हता.

रसायनातला पहिला प्रयत्न त्याआधीच इटलीत होऊन गेला होता. व्होल्टाने १८०० मध्ये आपली विद्युत घटमाला जगापुढे मांडली. त्यानंतर पाचच वर्षांनी पाव्हिया विद्यापीठातील त्याचा सहकारी लुइजी ब्रुन्यातेल्ली याने चांदीची दोन मोठी पदके तारेने घटमालेच्या ऋण टोकाला जोडली, सोन्याच्या द्रावात बुडवली आणि त्यांच्यावर सोने चढवून दाखवले. त्याचा द्राव सोन्याच्या साध्या क्षाराचा नव्हता. त्यात सोने आणि अमोनिया यांचे संयुग होते. या कुळातील संयुगे कोरडी झाली की थोड्याशा घर्षणानेही स्फोट होतो; किमयागार त्यांना धडाडणारे सोने म्हणून ओळखत. अशा द्रावाभोवती कारखाना उभा राहणे शक्य नव्हते. ब्रुन्यातेल्लीचा प्रयोग एका पत्रातून छापला गेला आणि जवळपास विसरला गेला.

पुढची पस्तीस वर्षे काय अडले होते, हे समजण्यासाठी शाळेतला एक प्रयोग आठवावा. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात ठेवली की काही मिनिटांत तिच्यावर चांदीची राखाडी लव उगवते आणि द्राव हळूहळू निळा होतो. घटमाला नाही, वीज नाही, तरी चांदी बाहेर पडते. तांबे हा चांदीपेक्षा अधिक क्रियाशील धातू असल्याने तो स्वतः विरघळतो आणि चांदीला द्रावातून हुसकावून लावतो. दिसायला हा चमत्कार मोहक असतो. मुलामा देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो संकट आहे. अशी घाईने बाहेर पडलेली चांदी भुसभुशीत असते, बोटाने पुसली जाते. तिच्यावर नंतर विजेने कितीही चांगली चांदी चढवली, तरी पायाच कच्चा असल्याने वरचा थर सोलून निघतो. पाया बसला असे धरले, तरी दुसरी अडचण उरते. सिल्व्हर नायट्रेटमधून विजेने चांदी काढली की ती सपाट पसरत नाही. तिचे सुटे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढत जातात. जिथे उंचवटा, तिथे प्रवाह अधिक. जिथे प्रवाह अधिक, तिथे चांदी अधिक. आणि त्यामुळे उंचवटा आणखी उंच.

मायकेल फॅरेडेने १८३४ पर्यंत सिद्ध केले होते की, ठरावीक वीज वाहिली की ठरावीक वजनाचाच धातू जमा होतो. हा नियम द्राव कोणता आहे हे विचारत नाही. पण किती धातू बसेल हे विजेने ठरले, तरी तो कसा बसेल हे द्राव ठरवतो. कारागिराला पहिल्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी असते.

या संदर्भात एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मुलामा देणाऱ्यांनी टाकून दिलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावाला मोजमापाच्या जगात मोठा मान मिळाला. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने अँपिअर हे एकक व्यवहारात मोजण्यासाठी याच द्रावाचा आधार घेतला: जो स्थिर प्रवाह एका सेकंदात ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा करतो, तो एक अँपिअर. थर खडबडीत असला तरी चालत होते, वजन अचूक हवे होते.

तांब्याच्या बाबतीत निसर्ग बराच दयाळू निघाला. मोरचूद आणि थोडे गंधकाम्ल यांच्या साध्या द्रावातून तांबे छान, चिवट आणि जाड बसते. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे मोरित्झ हेर्मान याकोबी याने ही गोष्ट जाहीर केली आणि तिला ‘गॅल्व्हानोप्लास्टिक’ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस स्पेन्सर आणि सी. जे. जॉर्डन यांनीही तसेच शोध लावल्याचे सांगितले. पहिला कोण, यावर वाद झाला. येथे साच्यावर तांबे चढवून ते पुन्हा सोडवून घ्यायचे असते, त्यामुळे थर खालच्या वस्तूला चिकटला नाही तर उलट बरेच. कॅथेड्रलची शिल्पे विजेने घडू शकली ती याच कारणाने. हाच मोरचुदाचा द्राव लोखंडावर वापरून पाहिला की निराशा होते: लोखंड लगेच तांब्याला हुसकावून बाहेर काढते आणि लाल, भुकटीसारखा थर तयार होतो, जो फडक्याने पुसता येतो. एकच द्राव, एकच धातू. खालची वस्तू बदलली आणि यश अपयशात बदलले.

सोन्याच्या बाबतीत जिनिव्हाच्या ऑग्युस्त द ला रिव्ह याने निकराने प्रयत्न केला. जिनिव्हा हे घड्याळांचे शहर, तिथे मुलामा देणाऱ्यांची वस्ती मोठी आणि त्यांचे हाल डोळ्यांसमोर. १८४० च्या सुमारास त्याने सोन्याच्या क्लोराइडचा द्राव वापरून चांदी-पितळेवर सोने चढवले. परंतु हा द्राव आम्लधर्मी. सोने बसण्याआधी तो खालच्या धातूलाच खाऊ लागे. थर कुठे पातळ, कुठे डागाळलेला. द ला रिव्हचा हेतू उदात्त होता आणि त्याला विजेचे ज्ञान पुरेपूर होते. चुकले ते फक्त कुंडातले मिश्रण.

बर्मिंगहॅममध्ये जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि त्याचा नातलग हेन्री हे दोघे याच प्रश्नाच्या मागे होते. हे दोघे शास्त्रज्ञ नव्हते, व्यापारी होते. चष्म्याच्या चौकटी, पेट्या, बटणे असा माल ते विकत. १८३६ मध्ये त्यांनी सोन्याच्या क्लोराइडमध्ये पोटॅशियम बायकार्बोनेट घालून उकळत्या द्रावात वस्तू बुडवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले होते. तिच्यात वीज नव्हती. खालच्या धातूने सोन्याला हुसकावण्याचाच हा आवरलेला प्रकार होता. अशा रीतीची मर्यादा उघड आहे. खालचा धातू पुरता झाकला गेला की क्रिया थांबते. थर कागदाहून कितीतरी पातळ राहतो आणि बटणापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही.

त्याच शहरात जॉन राइट नावाचा एक शल्यवैद्य फावल्या वेळात विजेचे प्रयोग करीत असे. त्याच्या वाचनात स्वीडिश रसायनतज्ज्ञ कार्ल शीले याचे निबंध आले. शीले १७८६ मध्येच वारला होता. प्रशियन निळ्या रंगापासून त्याने एक जहाल आम्ल वेगळे काढले होते आणि त्याच्या क्षारांचा अभ्यास करताना नोंदवले होते की सोन्या-चांदीची सायनाइडे पाण्यात विरघळत नसली, तरी पोटॅशियम सायनाइडच्या द्रावात विरघळतात. अर्धशतकापूर्वीची ही ओळ वाचून राइटला सुचले की विजेच्या कुंडासाठी हाच द्राव वापरून पाहावा. त्याने चांदी चढवली. थर जाड होता, पांढरा होता आणि निघत नव्हता. १८४० मध्ये एल्किंग्टन यांच्या नव्या पेटंटची तयारी चालू असताना राइटने ही कल्पना त्यांच्यापुढे ठेवली; त्यांनी ती विकत घेऊन पेटंटात समाविष्ट केली. राइट १८४४ मध्ये मरण पावला. आज कारखान्याचे नाव सर्वांना आठवते, डॉक्टरचे क्वचितच कोणाला.

सायनाइडने नेमके काय केले? नायट्रेटच्या द्रावात चांदीचे आयन मोकळे फिरत असतात. इलेक्ट्रॉन मिळाला रे मिळाला की चांदी होऊन बसायला ते उतावीळ असतात. सायनाइडच्या द्रावात प्रत्येक चांदीच्या आयनाला दोन सायनाइड आयन दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवतात. मोकळी चांदी जवळजवळ उरतच नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत, चांदीचे प्रमाण विद्युत विभव नायट्रेटसारख्या साध्या द्रावात सुमारे +०.८० व्होल्ट असते, ते सायनाइडच्या बंधनामुळे −०.३१ व्होल्टपर्यंत उतरते. तांब्यालाही सायनाइड असेच, किंबहुना अधिक खाली खेचते. तरीही दोघांमधली चढाओढ पूर्वीसारखी सरळ राहत नाही आणि मोकळी चांदीच नसल्याने हुसकावण्याची क्रिया अगदी मंदावते. आता चांदी बसवायची तर विजेने जोर लावून तिला सायनाइडच्या पकडीतून सोडवावे लागते. हे अवघड झाले, म्हणूनच काम चांगले होऊ लागले. एका जागी ढीग रचण्याऐवजी असंख्य ठिकाणी बारीक कण बसू लागले आणि किटलीच्या नळीच्या वळणात, नक्षीच्या खाचेतही थर पोहोचू लागला. कारखान्यांनी पुढे आणखी एक युक्ती अंगवळणी पाडली: आधी अत्यल्प चांदी आणि भरपूर सायनाइड असलेल्या कुंडात वस्तूला क्षणभर बुडवून पातळ, घट्ट पाया घालायचा, मग मुख्य कुंडात जाड थर द्यायचा. लोखंडाचा प्रश्नही याच मार्गाने सुटला. मोरचुदाच्या कुंडात घालण्याआधी त्यावर सायनाइडच्या द्रावातून तांब्याचा पातळ पाया दिला की पुढचे तांबे सुखाने बसते.

फ्रेंच विज्ञान अकादमीने १८४२ मध्ये द ला रिव्ह, एल्किंग्टन आणि फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे अशाच द्रावांवर काम करणारा रुओल्झ या तिघांना गौरवले. हा गौरव मोंतिओं पुरस्काराचा होता, आणि तो मुलाम्याच्या सौंदर्यासाठी नव्हे, तर एक जीवघेणा धंदा कमी अपायकारक केल्याबद्दल होता. माणसांना पाऱ्यापासून वाचवल्याचे हे बक्षीस सायनाइडच्या कुंडाला मिळाले, हा विरोधाभास तेव्हा फारसा कोणाला टोचलेला दिसत नाही. तुलना मात्र अगदीच चुकीची नव्हती. पारा कामाच्या प्रत्येक दिवशी, काम नीट होत असतानाही, थोडा थोडा मारतो. सायनाइडचे कुंड अल्कधर्मी ठेवले आणि त्यात आम्ल पडू दिले नाही, तर विषारी वायू सहसा बाहेर पडत नाही. मात्र चूक झाली तर ते सावरायला फारसा वेळ देत नाही.

आता या कथेतला सर्वांत रंजक अध्याय. १८४२ मध्ये प्रशियन तोफखान्यातील एक तरुण अधिकारी माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैद भोगत होता. दोन सहकाऱ्यांच्या द्वंद्वयुद्धात तो एकाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला होता, हा त्याचा गुन्हा; शिक्षा पाच वर्षांची. नाव वेर्नर सीमेन्स. त्याने गुपचूप रसायने मागवून कोठडीत छोटी प्रयोगशाळा मांडली. त्याचा तर्क नव्या छायाचित्रणकलेतून आला होता. डगेरच्या पद्धतीत हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा द्राव चांदीचे न विरघळणारे क्षार विरघळवतो, हे ठाऊक झाले होते. जो द्राव चांदीला असा धरून ठेवतो, तो विजेच्या कुंडातही चालेल, असे त्याला वाटले. त्याने जर्मन सिल्व्हरचा चमचा हायपोमधील सोन्याच्या द्रावात बुडवला, घटमालेला जोडला आणि काही मिनिटांत चमचा सोनेरी झाला. माग्देबुर्गच्या एका जवाहिऱ्याने ही रीत वापरण्याचा हक्क विकत घेतला. मग दुर्दैवाने राजाची माफी आली. प्रयोग अर्धवट राहू नये म्हणून सीमेन्सने आणखी काही दिवस कैदेत राहू देण्याची विनंती केली. किल्ल्याच्या अधिकाऱ्याला ही राजकृपेची अवहेलना वाटली आणि त्याने त्याला मध्यरात्री बाहेर काढले. हे सारे सीमेन्सने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

पुढच्या वर्षी वेर्नरचा धाकटा भाऊ विल्हेल्म ही रीत विकण्यासाठी इंग्लंडला गेला. वय वीसच्या आसपास, इंग्रजी मोडकी. लंडनच्या रस्त्यावर त्याला ‘अंडरटेकर’ अशी पाटी दिसली. नवे उद्योग अंगावर घेणारा हाच माणूस असणार, अशा समजुतीने तो आत शिरला आणि कळले की हे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करतात. ही हकीकत त्याने पुढे बर्मिंगहॅममधील भाषणात स्वतःच सांगितली. तोवर तो सर विल्यम सीमेन्सच्या वाटेवर होता आणि स्वतःवर हसणे त्याला परवडत होते. अखेर तो एल्किंग्टनकडे पोहोचला. सोन्या-चांदीच्या विद्युत विलेपनाचे सारे हक्क आपल्याच पेटंटात येतात, असा एल्किंग्टनच्या बाजूचा दावा होता. तरीही घासाघीस होऊन १,५०० पौंडांना सौदा झाला. एल्किंग्टनला हायपोच्या कुंडाची फारशी गरज नव्हती. दुसरा कोणी त्याने स्पर्धा करू नये, एवढ्यासाठी ते विकत घेणे शहाणपणाचे होते. सीमेन्स बंधूंच्या उद्योगाला मात्र या पैशाने पहिला मोठा टेकू मिळाला. ज्या सीमेन्सच्या नावाने पुढे तारायंत्रे, रेल्वेगाड्या आणि वीजघरे उभी राहिली, त्याच्या व्यवसायाचे पहिले पाऊल असे मुलाम्याच्या कुंडातून पडले.

बर्मिंगहॅमचा कारखाना वाढत गेला. पोलादी निबांच्या धंद्यात पैसा मिळवलेला जोसाया मेसन भागीदार झाला. त्याने पुढे स्थापन केलेल्या विज्ञान महाविद्यालयातून बर्मिंगहॅम विद्यापीठ उभे राहिले. जुन्या शेफील्ड प्लेटचा, म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून दाबण्याच्या धंद्याचा, दोन-तीन दशकांत बोजवारा उडाला. अलेक्झांडर पार्क्स हा पुढे पहिल्या प्लास्टिकसाठी प्रसिद्ध झालेला संशोधक तेव्हा एल्किंग्टनच्या पदरी होता. फुले, पाने अशा नाजूक वस्तूंवर कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेला फॉस्फरस लावून त्या विजेला वाहक करायच्या आणि मग त्यांच्यावर धातू चढवायचा, ही त्याची युक्ती. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट कारखाना पाहायला आले, तेव्हा त्यांना चांदी चढवलेले कोळ्याचे जाळे भेट देण्यात आले.

याच रसायनातून एक अपघाती शोध लागला. असे तयार केलेले साचे ज्या कुंडात असत, त्यातल्या शेजारच्या वस्तू नेहमीपेक्षा चकचकीत निघतात, असे कामगारांच्या लक्षात आले. एरवी सायनाइडच्या कुंडातून निघणारी चांदी दुधाळ, निस्तेज असे. तिला तासन्‌तास घासून झळाळी आणावी लागे. साच्यांवरून कुंडात उतरलेले कार्बन डायसल्फाइड हे या चमकेचे कारण निघाले आणि १८४७ मध्ये मिलवर्ड व लायन्स यांनी त्याचे पेटंट घेतले. अत्यल्प प्रमाणात असलेला पदार्थ थराचे रूप बदलू शकतो, हे येथे प्रथम व्यापारी पातळीवर कळले. आजही कोणत्याही विलेपन कारखान्यात चमक आणणाऱ्या द्रव्याचे मिश्रण हे मालकाचे सर्वांत जपलेले गुपित असते.

सायनाइड सर्वांवर लागू पडले असते, तर ही कथा येथेच संपली असती. निकेलला ते मुळीच मानवत नाही; सायनाइड निकेलला इतके घट्ट आवळते की विजेलाही ते सुटत नाही, प्रवाह नुसता हायड्रोजनच्या बुडबुड्यांत वाया जातो. साधे निकेल सल्फेट घ्यावे, तर कुंडाची आम्लता हा नवा पेच. आम्लता वाढली की निकेलऐवजी हायड्रोजन सुटतो. कमी झाली की वस्तूच्या पृष्ठभागापाशी निकेलचे हायड्रॉक्साइड साचते आणि थर ठिसूळ होऊन तडकतो. बोस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स याने १८६९ मध्ये निकेल व अमोनियम यांच्या दुहेरी सल्फेटचा शुद्ध, उदासीन द्राव वापरण्याचे पेटंट घेतले आणि निकेल पहिल्यांदा कारखान्यात आले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ऑलिव्हर वॉट्स याने १९१६ मध्ये निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल असे मिश्रण सुचवले. सल्फेट धातू पुरवते, क्लोराइड कुंडातला निकेलचा धन पत्रा सुरळीत विरघळू देते आणि बोरिक आम्ल आम्लता सांभाळते. प्रत्येकाला एकच काम आणि ते चोख. ‘वॉट्सचे कुंड’ या नावाने ते शंभर वर्षांनंतरही जगभर चालू आहे.

क्रोमियमने उलटा धडा दिला. १९२० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोमिक आम्लाच्या कुंडाला व्यापारी रूप दिले. त्याचे मर्म एका गुणोत्तरात आहे: क्रोमिक आम्लाच्या सुमारे शंभर भागांना सल्फेटचा एक भाग. सल्फेट नसेल तर क्रोमियम बसतच नाही, फार झाले तर थर बिघडतो. मोटारींचे रेडिएटर आणि नळाच्या तोट्या या गुणोत्तरामुळे चमकू लागल्या. पण या कुंडात विजेचा पाचवा हिस्साही मोठ्या मुश्किलीने धातू बसवण्याच्या कामी येतो. उरलेली हायड्रोजन सोडण्यात खर्च होते. बुडबुडे फुटतात आणि क्रोमिक आम्लाचे बारीक तुषार हवेत पसरतात. कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोके पडत, बोटांवर न भरणाऱ्या जखमा होत. सहा संयुजेचे हे क्रोमियम फुप्फुसाचा कर्करोग घडवते, हे पुढे सिद्ध झाले. सेंट आयझॅकच्या घुमटाखाली जे पाऱ्याने केले, तेच शंभर वर्षांनी वेगळ्या नावाने कारखान्यांत घडले. युरोपीय संघाने क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापरासाठी २१ सप्टेंबर २०१७ नंतर विशेष परवानगी बंधनकारक केली आणि तीन संयुजेच्या क्रोमियमची, आजवर हट्टी ठरलेली कुंडे पुन्हा तपासली जाऊ लागली.

सायनाइडही हळूहळू मागे हटते आहे. जस्ताच्या विलेपनात सायनाइडविरहित अल्कधर्मी द्राव आणि आम्लधर्मी क्लोराइडचे द्राव यांनी त्याची जागा बरीचशी घेतली. चांदीच्या बाबतीत मात्र राइटच्या कुंडाला तोडीस तोड पर्याय उभा करणे अजूनही कठीण जाते. आपल्याकडे लग्नसराईत विकल्या जाणाऱ्या ‘वन ग्रॅम’ दागिन्यांवरील सोन्याच्या थरामागेही बहुधा त्याच कुळातले सायनाइड असते.

सूक्ष्म विद्युत परिपथांच्या कारखान्यांत सोन्यापुढे एक वेगळी अडचण आली. सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी उमटवण्यासाठी जो प्रकाशसंवेदी लेप देतात, त्याला सायनाइडचे कुंड मानवत नाही. लेपाच्या कडा उचलल्या जातात आणि सोने त्याखाली पसरते. म्हणून तेथे सल्फाइटचे द्राव आले. ते एकटे फार टिकाऊ नसतात, काही काळाने आपोआप विघटन पावतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी त्यात एक जोडीदार मिसळला आणि द्राव स्थिर झाला. तो जोडीदार थायोसल्फेट, म्हणजे माग्देबुर्गच्या कोठडीतला हायपो.